यादीत नसलेले घर : करडी परिसरातील रेशन समजून घेताना





मंडळ्यांना भेटी देताना आम्हां कार्यकर्त्यांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा, की सरकार आता फुकट धान्य देते, मग आदिवासी वस्त्यांत आपल्या कार्याची गरज काय उरली? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो : फुकटच्या तांदळाने माणसे आळशी होत नाहीत का? दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. आपण जे अर्पण देता ते कोठे व कशासाठी खर्च होते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. म्हणून या अंकात भंडारा जिल्ह्यातील करडी परिसराच्या अनुषंगाने रेशनची व्यवस्था शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावून सांगत आहे. ती समजली की आपल्या कार्याची जागा कोणती, हेही आपोआप समजेल.

धानाच्या कोठारात रेशनचा तांदूळ

करडी हे मोहाडी तालुक्यातील गाव. तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले तर ते वैनगंगेच्या पलीकडे येते. एका बाजूला नदीकाठची धानाची शेती आणि दुसऱ्या बाजूला कोका अभयारण्याचे जंगल, असा हा मुलूख आहे. भंडारा जिल्ह्याची ओळख तलावांचा जिल्हा आणि धानाचे कोठार अशी आहे. जिल्ह्यात गोंड, हलबा या आदिवासी जमाती आहेत, ढिवरांसारखे मासेमारीवर जगणारे समाज आहेत, आणि सर्वच समाजांत भूमिहीन मजूर आहेत.

मग धानाच्या कोठारात राहणारी माणसे रेशनच्या तांदळावर का अवलंबून असतात? उत्तर त्या घराच्या वर्षाच्या हिशेबात आहे. एक-दोन एकर बांधी असलेले कुटुंब धरा. पाणी वरच्या पावसाचे, म्हणून पीक एकच. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग चुरणी. धान घरात येते तेव्हा सोसायटीचे पीककर्ज, कृषी केंद्राची खताची उधारी आणि एखाद्या दुखण्यात उसने घेतलेले पैसे, सगळे एकदम दारात उभे राहतात. धान विकावेच लागते. सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर जागा मिळाली तर हमीभाव मिळतो. २०२५-२६च्या खरिपासाठी साधारण धानाला तो क्विंटलला २,३६९ रुपये ठरला होता. केंद्र सुरू व्हायला उशीर झाला किंवा पैशाची घाई असली, तर व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो.

सरकारने विकत घेतलेले हे धान गिरणीत भरडाईला जाते. एक क्विंटल धानामागे गिरणीवाल्याने ६७ किलो तांदूळ सरकारजमा करायचा असतो. तो गोदामात जातो आणि तेथून रेशन दुकानांत येतो. म्हणजे करडीच्या एखाद्या बाईने चिखलात वाकून रोवलेल्या धानाचा तांदूळ काही महिन्यांनी तिच्याच गावच्या दुकानात परत येऊ शकतो. तिच्या हातच्या कष्टाचा एक अंश त्या पोत्यात असतो. म्हणून रेशनला "फुकटचे खाणे" म्हणण्यापूर्वी जरा थांबावे, असे वाटते.

पीक विकल्यावर पुढचे महिने मजुरीचे. कापणी संपली की गावात काम आटते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता यांवर काही दिवस निघतात. पुष्कळ जण नागपूरकडे बांधकामावर, वीटभट्ट्यांवर किंवा तेलंगणात मिरची तोडायला जातात. आणि सर्वांत कठीण काळ असतो तो ऐन पावसाळ्यात. शेतात काम भरपूर, अंगमेहनत सर्वांत जास्त, पण घरातील कणगी रिकामी. याच दिवसांत पूर्वी दीडपटीने परत करण्याच्या बोलीवर धान उसने आणले जाई. रेशनची खरी किंमत या महिन्यांत कळते.

दयेपासून हक्कापर्यंत

आपल्या ख्रिस्ती परंपरेला या भागातील भुकेची आठवण जुनी आहे. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीने निराधार झालेल्या मुली व विधवांना त्यांनी आपल्याबरोबर नेले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा अनेकींना घर मिळाले. त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतातच होता. त्या दिवसांत भुकेल्या माणसाचे जगणे, कोणी दयाळू माणूस वेळेवर पोहोचतो की नाही यावर अवलंबून असे. "हे माझे आहे" असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती.

स्वस्त धान्याची दुकाने आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईतून. आपल्याकडे वयस्क माणसे रेशनला अजून "कंट्रोल" म्हणतात, ती त्या काळाची खूण. पुढे १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. १९९७पासून गरीब व गरिबीरेषेवरील अशी वर्गवारी करून धान्य दिले जाऊ लागले. २५ डिसेंबर २०००, म्हणजे नाताळाच्या दिवशी, अत्यंत गरीब कुटुंबांसाठी अंत्योदय अन्न योजना सुरू झाली.

२००१ साली पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सरकारी गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, असा साधा प्रश्न त्या याचिकेत होता. न्यायालयाने अंतरिम आदेशांतून अन्नयोजनांना हक्काचे रूप दिले. शाळेतील शिजवलेले जेवणही देशभर त्यानंतर पोहोचले. २ मे २००३च्या आदेशात वृद्ध, अपंग, निराधार विधवा, आदिम जमाती अशांना अंत्योदय कार्ड देण्यास सांगितले गेले. या सर्व वाटचालीतून राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४पासून लागू आहे.

या कायद्याने केलेला बदल एका वाक्यात सांगायचा तर असा : पात्र कुटुंबाला धान्य देणे ही आता सरकारची मर्जी राहिली नाही, ते त्याचे कर्तव्य झाले. धान्य मिळाले नाही तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीचे नाव असावे, असेही कायदा म्हणतो.

कार्ड, रंग आणि शिक्का

महाराष्ट्रात १९९९पासून पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आहेत. रंगावरून धान्य ठरते असा सर्वसाधारण समज आहे, आणि येथेच पुष्कळ गोंधळ होतो. अन्न सुरक्षा कायद्यात लाभार्थ्यांचे दोनच गट आहेत.

पहिला गट अंत्योदय. या कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते, घरात माणसे कितीही असोत. दुसरा गट प्राधान्य कुटुंब. यात प्रत्येक माणसामागे महिन्याला ५ किलो मिळते. पूर्वी यासाठी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. कोरोनाच्या काळात, एप्रिल २०२०पासून, माणशी ५ किलो जादा धान्य मोफत मिळत होते. डिसेंबर २०२२मध्ये ते जादा धान्य थांबले. १ जानेवारी २०२३पासून नेहमीचेच धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४पासून ही मोफत योजना पाच वर्षांसाठी वाढवण्यात आली. "आधी दहा किलो मिळत होते, आता पाचच का?" असा प्रश्न वस्तीवर अजून येतो. त्याचे उत्तर हे आहे. दुकानदाराने धान्य खाल्ले असे प्रत्येक वेळी नसते.

आता या दोन गटांतील एक बारकावा पाहा. एकट्या निराधार विधवेला अंत्योदयचे ३५ किलो म्हणजे मोठा आधार. सात माणसांच्या घराला ते माणशी पाच किलोच पडतात. आठ किंवा नऊ माणसांच्या घराला अंत्योदय कार्डावर प्राधान्य कुटुंबापेक्षाही कमी धान्य मिळते. म्हणून कोणाचे कार्ड बदलून द्यायचे असे आपण उत्साहाने ठरवण्यापूर्वी त्या घरातील ताटे मोजावीत.

केशरी कार्ड असलेले प्रत्येक घर प्राधान्य गटात असतेच असे नाही. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आणि संगणकात त्या कुटुंबाची नोंद, दोन्ही असावी लागतात. ग्रामीण भागात यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये ठरवली गेली. ही रक्कम किती थोडी आहे पाहा. घरातील दोन माणसांनी वर्षात शंभर-शंभर दिवस तीनशे रुपये रोजाने काम केले, तर साठ हजार होतात. म्हणजे प्रामाणिकपणे मजुरी सांगणारे घर कागदावर श्रीमंत ठरण्याची भीती असते.

पाच किलोत काय होते

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. फुकट धान्याने माणूस काम सोडतो का? आधी हिशेब करून पाहू.

पाच किलो म्हणजे रोजचे सुमारे १६५ ग्रॅम धान्य. त्यातून जेमतेम पावणेसहाशे कॅलरी मिळतात. दिवसभर रोवणी करणाऱ्या माणसाच्या गरजेचा हा चौथा हिस्साही नाही. धानपट्ट्यात दोन वेळा भात खाणारा कष्टकरी माणूस दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ सहज खातो. तीन मोठी माणसे आणि दोन मुले असे घर धरले, तर रोज पावणेदोन किलोच्या आसपास तांदूळ लागतो. त्यांच्या वाट्याचे २५ किलो धान्य साधारण दोन आठवडे पुरते. उरलेले दोन आठवडे मजुरीवरच काढायचे असतात. शिवाय रेशनच्या हक्कात डाळ नाही, तेल नाही, मीठ-मिरची नाही, औषध नाही, मुलाची वही नाही. एवढ्यावर कोणी हातावर हात ठेवून बसू शकत नाही.

मग त्या दोन आठवड्यांच्या धान्याने घरात काय बदलते? बाजारात तांदूळ तीस रुपये किलो धरला, तर २५ किलोचे महिन्याला साडेसातशे आणि वर्षाला नऊ हजार रुपये वाचतात. त्यातून डाळ येते, दवाखान्याचे भाडे निघते. पावसाळ्यात दीडपटीचे धान उसने आणावे लागत नाही. बियाण्यासाठी ठेवलेले धान खाण्याची पाळी येत नाही. आणि घरात आठ दिवसांचा तांदूळ असला की मजूर बाई कमी रोज सांगणाऱ्याला "नाही" म्हणू शकते. "रेशनमुळे मजूर मिळत नाहीत" अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा तिच्यामागे कधी कधी ही गोष्ट असते. माणसे काम नाकारत नाहीत, पडेल त्या रोजावरचे काम नाकारू लागली आहेत.

रेशनवर सारे काही सोडून देणे मात्र धोक्याचे आहे. पोट भाताने भरते, पण अंगात रक्त भरत नाही. डाळ, भाजी, अंडी, मासळी यांवाचून मुलांची वाढ खुंटते. त्यासाठी सरकारी धान्यात फोर्टिफाइड तांदूळ मिसळला जाऊ लागला. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे शंभर किलोंत एक किलो या प्रमाणात असतात. हे दाणे रंगाला किंचित वेगळे दिसतात आणि तांदूळ धुताना कधी तरंगतात. त्यामुळे ते प्लास्टिकचे आहेत अशी अफवा पसरली आणि कित्येक बाया ते निवडून फेकतात. ते फेकू नयेत, हे घरोघरी सांगावे लागते. ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, त्यांनी या तांदळाविषयी सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांना विचारून घ्यावे. विदर्भात हा आजार पुष्कळ आढळतो, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

यादीबाहेर कोण राहते

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. सरकारचे धान्य आहे, कायदा आहे, दुकान आहे. तरी काही घरांच्या चुली त्यावाचून राहतात. ही घरे कोणती?

एक, नव्याने वेगळे झालेले घर. मुलाचे लग्न झाले, चूल वेगळी झाली, पण नाव जुन्याच कार्डावर राहिले किंवा तेथून कमी होऊन नव्या कार्डावर चढलेच नाही. सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून निघालेले नसते, म्हणून ते सासरी चढत नाही. तिच्या पाठोपाठ तिच्या मुलांची नावेही अडकतात. जन्मदाखला नाही, म्हणून आधार नाही आणि आधार नाही, म्हणून नाव नाही, अशी साखळी लागते.

दोन, इष्टांक संपल्यामुळे बाहेर राहिलेले घर. प्रत्येक राज्याला किती माणसांना धान्य द्यायचे याची संख्या ठरवून दिलेली आहे. तिला इष्टांक म्हणतात. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी माणसांचा आहे. तो २०११च्या जनगणनेवर आधारलेला आहे. २०२१ची जनगणना झाली नाही आणि पुढची २०२७ची जाहीर झाली आहे. मधल्या काळात जन्मलेली मुले आणि नव्याने गरीब झालेली घरे जुन्याच संख्येत बसवावी लागतात. कोणाचे नाव कमी झाले, तर कोणाचे चढते. अर्ज करून "इष्टांक नाही" हे उत्तर ऐकणाऱ्या माणसाला त्याचा अर्थच कळत नाही. आपला अर्ज खोटा ठरला असे समजून तो पुन्हा जात नाही.

तीन, अंगठा न उमटणारे हात. दुकानातील ई-पॉस मशीनवर अंगठा लावावा लागतो. आयुष्यभर चिखलात, मातीत, विटांत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजून जातात. ज्या हातांनी सर्वांत जास्त काम केले, तेच हात मशीन ओळखत नाही. आधार पडताळणी न झाल्याने कोणालाही धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७मध्ये राज्यांना कळवलेले आहे. मोबाइलवरचा ओटीपी, डोळ्याची तपासणी असे पर्यायही आहेत. पण हे सांगणारा कोणी बरोबर नसेल, तर आजी रिकामी पिशवी घेऊन घरी परतते.

चार, कामासाठी बाहेरगावी गेलेले. "एक देश एक रेशनकार्ड" या सोयीमुळे नागपुरात किंवा तेलंगणात असलेला मजूर आपला वाटा तेथील दुकानातून घेऊ शकतो आणि गावी राहिलेले आईवडील त्यांचा वाटा गावातून घेऊ शकतात. पुष्कळांना हे ठाऊकच नाही. शिवाय प्रत्येक सदस्याची ई-केवायसी करायची असते. भट्टीवर असलेल्या माणसाची ती राहून गेली, तर नाव बंद होण्याची भीती असते. ती कोणत्याही रेशन दुकानात करता येते, गावी परत यावेच लागते असे नाही.

या प्रत्येक अडचणीसाठी तालुक्याला, तहसील कार्यालयातील पुरवठा विभागात जावे लागते. नदीपलीकडच्या मजुराला एका फेरीत दिवसाचा रोज आणि गाडीभाडे दोन्ही जातात. एखादा कागद कमी निघाला की दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीपर्यंत धीर धरणारे थोडे.

शास्त्र काय शिकवते

लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत देवाने इस्राएल लोकांना कापणीविषयी नियम दिला. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नये. ते सर्व परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावे. येथे लक्ष द्या, की शेतमालकाच्या मनात दया येते की नाही यावर देवाने ही गोष्ट सोडली नाही. त्याने तो नियम केला. गरिबाचा वाटा पिकातच धरला. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, ती या नियमाच्या आधारावर. आणि तिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत कष्ट केले. हक्काचा वाटा आणि अंगमेहनत यांत शास्त्राला विरोध दिसत नाही.

काही बंधू थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राकडे बोट दाखवतात. काम न करणाऱ्याने खाऊ नये, असे पौलाने लिहिले ना? होय. पण पौल तेथे काम करण्याची इच्छाच नसलेल्या, इकडेतिकडे लुडबुडत फिरणाऱ्या विश्वासणाऱ्यांना बोलत आहे. ज्याला काम मिळत नाही, जिचे हात थकले, ज्याचे पीक पाण्याअभावी करपले, अशांना तो बोलत नाही. तोच पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा उतारा प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नवाटप होत असे. वाटप चालू होते, अन्न होते, देणारेही भक्तिमान होते. तरी ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती कुरकुर म्हणून झटकली नाही. आणखी अन्न गोळा करण्याचे आवाहनही केले नाही. त्यांनी वाटपाची व्यवस्था दुरुस्त केली. सात माणसे निवडली गेली आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या गेल्या, बहुधा त्यांच्याच लोकांच्या हाती मंडळीने वाटपाचे काम दिले.

आज करडी परिसरात नेमके हेच काम शिल्लक आहे. धान्य आहे. वगळलेल्यांना यादीत आणणारी माणसे हवी आहेत.

आपण काय करू शकतो

पहिल्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. सरकार तांदूळ देते, म्हणून आपण आणखी एक तांदळाचे पोते नेऊन देण्याची गरज क्वचितच असते. आपले अर्पण अधिक उपयोगी पडते ते पुढील कामांत.

घरोघरी जाऊन कार्डे पाहणे : कार्डावर किती नावे, घरात किती माणसे, शिक्का आहे का, ई-केवायसी झाली का, हे एका वहीत लिहून घेणे. वृद्ध, विधवा आणि अपंग यांच्याबरोबर दुकानात व तहसीलमध्ये जाणे. मशीनमधून निघणारी पावती वाचून दाखवणे, म्हणजे किती धान्याची नोंद झाली आणि हातात किती आले याचा मेळ बसतो. तक्रार असेल तर आधी दुकानदाराशी शांतपणे बोलणे, मग पुरवठा विभाग, १९६७ ही मदतवाहिनी, आणि शेवटी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी अशी पायरी-पायरीने दाद मागणे. गावच्या दक्षता समितीत आदिवासी वस्तीतील स्त्री असावी, असा आग्रह धरणे.

नाव चढेपर्यंतचे महिने कुटुंबाने काढायचे कसे? तेथे डाळ, तेल आणि थोडे धान्य यांची तात्पुरती मदत खरोखर लागते. ती मुदतीची असावी आणि अर्जाच्या पाठपुराव्याशी जोडलेली असावी. परसबागेसाठी भाजीचे बी आणि काही कोंबड्या दिल्या, तर रेशनमध्ये नसलेले ते ताटात येते.

आपल्या मंडळीत तहसील किंवा बँकेतून निवृत्त झालेले, अर्ज भरण्यात हातखंडा असलेले वडीलधारे असतील, तर महिन्यातून एक दिवस त्यांनी द्यावा. शहरातील तरुण मोबाइलवर ई-केवायसी करून देऊ शकतात. ज्यांना येणे शक्य नाही, त्यांनी एका कुटुंबाच्या तालुक्याच्या फेऱ्यांचे भाडे आणि बुडालेला रोज उचलावा. ही रक्कम मोठी नसते, पण तिच्यावाचून अर्ज अर्ध्यावर राहतो.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. हे काम करताना कोणाचा धर्म, जात, पक्ष विचारायचा नाही आणि उपासनेला येण्याची अट घालायची नाही. रेशन हा नागरिकाचा हक्क आहे. तो मिळवून देण्याच्या बदल्यात आपण काही मागितले, तर त्या हक्काचे पुन्हा दान होईल. प्रभूने भुकेल्या समुदायाला जेवू घातले तेव्हा आधी कोणाचा विश्वास तपासला नाही.

प्रार्थनेसाठी विषय

१. यंदाच्या पावसासाठी, आणि पीक हाती येईपर्यंतच्या रिकाम्या महिन्यांत प्रत्येक चूल पेटती राहावी म्हणून.

२. ज्यांचे अर्ज इष्टांकाअभावी थांबले आहेत, त्या कुटुंबांच्या धीरासाठी.

३. रेशन दुकानदार, पुरवठा विभागातील कर्मचारी, अंगणवाडी सेविका यांच्यासाठी. त्यांच्यातील पुष्कळ जण कमी साधनांत प्रामाणिकपणे काम करतात, त्यांना बळ मिळावे म्हणून.

४. कामासाठी परमुलखात गेलेल्यांच्या रक्षणासाठी, आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी व लेकरांसाठी.

५. प्रत्येक मंडळीतून या सेवेसाठी निदान एक माणूस उभा राहावा म्हणून.

पुढच्या उपासनेत आपण प्रभूची प्रार्थना म्हणाल, तेव्हा रोजच्या भाकरीच्या विनंतीपाशी क्षणभर थांबा. ती विनंती प्रभूने "माझी" भाकर म्हणून शिकवलेली नाही, "आमची" म्हणून शिकवलेली आहे. त्या "आमची" या शब्दात वैनगंगेपलीकडचे यादीत नसलेले घरही मोजले जावे.

प्रभूची कृपा आपणां सर्वांबरोबर असो.

प्रभूच्या सेवेतील आपला बंधू